पान एकतीस

वॉलारू,
९ जून २०२४

प्रिय लिंडन,

तू बरा असशील. मी ठीक आहे. इथे जूनचा गारठा वाढलाय आणि समुद्रावरचं वारं डॅडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अजून तसंच आत येतं. ती फट बुजवायची असं ते वीस वर्षं म्हणत होते. आता नवे मालक बुजवतील.

तुझी फुलं वेळेवर पोचली. डॅडचा अंत्यविधी नीट पार पडला. साठेक माणसं होती. डॅडबरोबर धक्क्यावर जहाजांत गहू भरणारे जुने सोबती मागच्या दोन रांगांत बसले होते, कोट घातल्यामुळे चटकन ओळखू येत नव्हते. पाद्री म्हणाले, "मर्विन ट्रेझाइस हा शांत माणूस होता." त्यावर मागून कुणीतरी पुटपुटलं, "त्याच्यापुढे गव्हाबद्दल काही चुकीचं बोलून बघायचं होतं." सगळे हसले, पाद्रीसुद्धा. मला बरं वाटलं. नंतर शेजारच्या मिसेस प्रायरनी घरच्या पॅस्ट्या आणल्या होत्या, डॅडना आवडायच्या तशा, सलगम जास्त घातलेल्या.

तुझ्याबद्दल लोकांनी विचारलं. खाणीवरून निघायला विमान मिळालं नाही असं मी सांगितलं. तुला कुणी विचारलं तर तूही तेच सांग.

राख माझ्याकडे आहे. ओहोटी लागली की धक्क्याच्या टोकावरून सोडायची, एवढंच त्यांनी लिहून ठेवलं होतं. मी अजून सोडलेली नाही. घाई नाही.

घराच्या किल्ल्या तीस ऑगस्टला द्यायच्या आहेत. सुगी येईपर्यंत कोठारांवर गहू तपासायचं काम फारसं नसतं, त्यामुळे दर रविवारी कडीनाहून इथे येते आणि एकेक खोली आवरते. कॅलम कधीकधी सोबत असतो. माझा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, तू पाहिलास तेव्हा चारचा होता. डॅडचे गळ, खेकड्यांची जाळी, आईचं शिवणाचं मशीन, तुझे फुटबॉलचे बूट, एवढं बाजूला काढून ठेवलंय. तुला यातलं काय हवं ते कळव.

आणि शेडमध्ये मेणकापडाखाली आपला कॉम्प्युटर आहे. डॅडनी टाकला नव्हता. शाळेच्या मोडीतून तो घरी आणताना त्यांनी त्याला गाडीत सीटबेल्ट लावला होता, आठवतं? तू म्हणालास, "मला कधी इतक्या प्रेमानं बांधलं नाहीस." ते म्हणाले, "तू पडलास तर फुटत नाहीस."

डिस्क आइस्क्रीमच्या डब्यात तशाच आहेत. वरतीच जहाजांचा खेळ, तुझ्या अक्षरातलं नाव.

मी तिथेच मोडक्या खुर्चीवर बसले आणि कॅलमला सगळं सांगत राहिले. तो पोरगा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी बैलगाडीतून शाळेत जात होते असं सांगतेय. त्याचे खेळ हवेतून उतरतात. खोकं नाही, कागद नाही. मी त्याला सांगितलं की मॅनेजरसाहेबांच्या ॲड्रियनकडून या खेळाचं खोकं सात दिवसांसाठी आपल्याकडे आलं तेव्हा पहिला दिवस आपण मशीन सुरूच केलं नाही, नुसतं वाचत बसलो. नकाशा उलगडला की टेबलाच्या चारही बाजूंनी खाली यायचा. आणि ती चव्वेचाळीस पानांची पुस्तिका. शिडांची नावं, गाठी, बंदरं, कुठल्या महिन्यात कुठला वारा. शेवटची दोन पानं कोरी होती आणि वर नुसतं 'टिपणं' असं छापलेलं. ती कोरी पानं मला सगळ्यात जास्त आवडायची. कुणीतरी ओळखदेख नसताना आपल्यासाठी जागा ठेवलीय असं वाटायचं.

खेळ सुरू करताना पडद्यावर प्रश्न येतो आणि पुस्तिकेत बघून अमुक पान, अमुक ओळ, अमुक शब्द टाइप केल्याशिवाय आत जाता येत नाही, हे त्याला पटेचना. "कशासाठी?"

"डिस्कची नक्कल करता यायची. पुस्तिकेची करता यायची नाही. कागद गडद लाल होता आणि अक्षरं काळी." लायब्ररीच्या झेरॉक्स मशीनमधून आपली पानं काळीकुट्ट बाहेर आली तेव्हा मिसेस ओगिल्वी म्हणाल्या होत्या, "हे काय, बुटाचं पॉलिश छापायला आणलंत?"

"म्हणजे आई, तुम्ही चोर होतात. आजोबासुद्धा?"

"आजोबा म्हणायचे, हातानं उतरवलं तर ती चोरी कशी? ते तर काम झालं."

नव्वद सालचा ऑगस्ट. डॅडचा पाय प्लास्टरमध्ये होता, धक्क्यावर जाता येत नव्हतं, आणि आपली दोघांची तोंडं पडलेली बघून ते म्हणाले, "आणा इकडे." सहा दिवस स्वयंपाकघराच्या टेबलाशी, पाय दुसऱ्या खुर्चीवर उशीवर ठेवून, ते ती पुस्तिका एका वहीत उतरवत होते. मध्येच पुस्तिकेशी भांडायचे. "हा लिहिणारा कधी धक्क्यावर उभा तरी राहिलाय का? गहू असा भरला तर जहाज बंदरातच कलंडेल." तू म्हणायचास, "डॅड, तो खेळ आहे." "असू दे खेळ. जहाज ते जहाज."

शनिवारी पुस्तिका परत गेली. रविवारी आपण बसलो. तू टाइप करणार, मी वाचणार, डॅड मागे कुबड्यांवर उभे. यंत्रानं विचारलं, मी वाचलं, तू टाइप केलंस. चूक. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा त्यानं आपल्याला बाहेर काढलं.

डॅडनी कागद वाचवायला ओळी कडेपर्यंत भरल्या होत्या. पुस्तिकेतल्या दीड ओळीची त्यांची एक ओळ. आणि गहू भरण्याचा परिच्छेद चुकीचा म्हणून गाळूनच टाकला होता. एकही शब्द आपल्या जागेवर नव्हता. ओळीला ओळ जुळली पाहिजे हे आपण त्यांना सांगितलंच नव्हतं, लिंडन. आपल्याला ते इतकं उघड वाटत होतं.

तू जे बोललास ते इथे लिहीत नाही. मी हसले, तेही तुला आठवत असेल. डॅड "हं" म्हणाले आणि कुबड्या टेकत चहाचं पाणी ठेवायला गेले.

ती पहिली वही मला आज स्वयंपाकघराच्या खणात मिळाली, सुतळीच्या गुंडीखाली. तुला हवी असेल तर ठेवते.

तब्येतीला जप. तिकडे अजूनही उकाडा असेल.

तुझी बहीण,
रॉझ


कडीना,
३० जून २०२४

प्रिय लिंडन,

तुझा संदेश मिळून बारा दिवस झाले. "काही नको. सगळं टाकून दे. पहिली म्हणजे?" दिवसातून दोनतीनदा तो उघडून बघते.

घर घेणारं जोडपं मापं घ्यायला येऊन गेलं. ॲडलेडची माणसं आहेत, सभ्य आहेत. तिला धक्का दिसणारी खिडकी मोठी करायची आहे. त्याला शेड पाडायची आहे. परवा पहाटे दहिवर इतकं गोठलं की गाडीच्या काचेवरचं खरवडावं लागलं. कॅलमला मूंट्याच्या बेकरीत काम मिळालंय. फोन करून हे सगळं सांगता आलं असतं, पण फोनवर मला जमत नाही, तुलाही जमत नाही. आपल्या घरात कुणालाच जमलं नाही.

मी बातम्या लिहीत बसलेय हे मला कळतंय.

दोन वह्या होत्या.

दुसरीबद्दल मला अर्धंच माहीत होतं. उरलेलं ॲड्रियनच्या आईनं अंत्यविधीच्या दिवशी सांगितलं. चहाचा कप हातात धरून ती म्हणाली, "तुझे वडील त्या पुस्तकासाठी पुन्हा आमच्या दारात आले होते ना. कुबड्या, आणि गळ्यात खेकड्यांची पिशवी अडकवलेली, कारण हात मोकळे नव्हते. आमच्या साहेबांना म्हणाले, 'मॅनेजरसाहेब, ते लाल पुस्तक अजून दोन महिने द्या, माझी एक चूक दुरुस्त करायची आहे.' आमचे साहेब म्हणाले, 'अहो ट्रेझाइस, खेकडे कशाला?' तर म्हणाले, 'मग पुस्तक नुसतं कसं मागू?'" ती हसत होती. मी पण हसले. मग मी बाहेर जाऊन गाडीत बसले.

तुझ्या रविवारच्या बोलण्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात ते गेले होते. तू म्हणाला होतास, "साधं उतरवून काढतासुद्धा येत नाही. चौदाव्या वर्षी शाळा सोडली की असंच होतं." मला हे लिहायचं नव्हतं. पण न लिहिता पुढचं सांगता येत नाही. तू सतरा वर्षांचा होतास आणि तुझा तो आठवडा वाया गेला होता, एवढंच होतं ते. डॅडनाही ते कळत होतं असं मला वाटतं.

आपण शाळेत असताना ते शेडमध्ये लिहीत होते. मला माहीत नव्हतं. नाताळानंतर तू पश्चिमेकडे जायचं ठरवलंस, आणि तुमच्या दोघांत टेबलावर मीठ मागण्यापुरतं बोलणं उरलं होतं.

तू गेलास तो फेब्रुवारीतला मंगळवार. पोस्टापुढून बस होती. डॅड आले नाहीत, तुला ते लागलं होतं, मला दिसलं. घरातून निघण्याआधी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं होतं. तपकिरी कागदात बांधलेलं, सुतळीनं चारदा गुंडाळलेलं एक पुडकं त्यांनी माझ्या दप्तरात घातलं.

"बस सुटताना त्याला दे."

"तूच का देत नाहीस?"

"माझ्या हातून दिलं तर उगाच तमाशा होईल. त्याला कळेल काय आहे ते."

मलाही कळलं. वहीचा आकार कागदातून लपत नाही.

पोस्टापुढे आपण दहा मिनिटं उभे होतो. तू शर्टाच्या खिशातून डिस्क काढून दाखवल्यास, घरच्या डिस्कवरून केलेली तुझी नक्कल. "पर्थला कुणाकडे तरी मशीन असेलच. आणि पुस्तिकासुद्धा असेल." मी विचारलं, "नसली तर?" तू म्हणालास, "नसली तर नसली."

लिंडन, मी ती वही दिली नाही.

मी चौदा वर्षांची होते. मला वाटलं, डिस्क तुझ्याकडे आणि वही माझ्याकडे राहिली तर तुला फोन करावा लागेल. दर वेळी खेळायच्या आधी. पान, ओळ, शब्द. मी हॉलमधल्या हिरव्या फोनशेजारी वही घेऊन बसेन, वाचून दाखवेन, आणि मग तू विचारशील, बाकी काय चाललंय. वही दिली असती तर तुला आमची काही गरजच उरली नसती.

तुला वही आहे हेच ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेल्या वहीतला शब्द तू फोन करून कसा विचारणार होतास? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. बस वळून गेली आणि मी मनातल्या मनात दिवस मोजायला लागले. तीन आठवड्यांनी तुझा फोन आला, आईला, मोज्यांविषयी. तोपर्यंत मला माझी चूक कळली होती आणि सांगायची भीती वाटायला लागली होती.

कारण त्याच संध्याकाळी डॅडनी विचारलं होतं, "दिलीस ना?"

मी म्हटलं, "हो."

"काय म्हणाला?"

"बस सुटत होती."

"हं."

त्यानंतर त्यांनी कधीच विचारलं नाही. पण फोन वाजला की ते वर्तमानपत्रातून मान वर काढायचे. आई बोलत असायची आणि ते तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. कितीतरी वर्षं असं चाललं. मग मान वर काढणं थांबलं. नेमकं कधी थांबलं ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचंच वाईट वाटतं.

आई गेली तेव्हा तू दोन दिवस आला होतास. तुम्ही स्वयंपाकघराच्या दोन टोकांना उभे होतात आणि मी बशा पुसत होते. डॅडनी तुला दोन दिवसांत एकच गोष्ट विचारली. "अजून तो जहाजांचा खेळ खेळतोस का?" तू म्हणालास, "कुठला? तो? नाही, तो तेव्हाच सुटला." डॅड म्हणाले, "हं." तू सिगारेट ओढायला बाहेर गेलास. मी तीच बशी पुसत राहिले. तेव्हा मी तेहेतीस वर्षांची होते, चौदाची नव्हते. मी बोलू शकले असते.

त्यांना वाटत राहिलं की ती वही तू घेतलीस आणि त्यावर एक शब्दही बोलायची तुला गरज वाटली नाही. तुला वाटत राहिलं की त्या एका बोलण्यावरून त्यांनी तुला कायमचं दूर केलं, निरोप द्यायलासुद्धा आले नाहीत. तुम्ही दोघंही चूक होतात आणि ते फक्त मला माहीत होतं.

गेल्या वर्षी इस्पितळात मी एकदा डॅडना सांगायला बसले होते. ते म्हणाले, "लिंडनचं काय चाललंय?" मी म्हटलं, "बरं चाललंय. डॅड, मला तुला काही सांगायचंय." तेवढ्यात परिचारिका रक्तदाब बघायला आली. ती गेल्यावर ते म्हणाले, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, खिडकी लावू का?" ती परिचारिका दोन मिनिटंसुद्धा थांबली नव्हती.

पुडकं माझ्या कपाटात चादरींच्या खाली आहे. सुतळी डॅडनी बांधलेली तशीच आहे. मी ते कधी उघडलं नाही. ते तुझं आहे. पोस्टानं पाठवू की काय करू, ते सांग.

रॉझ


कडीना,
२८ जुलै २०२४

प्रिय लिंडन,

तुझा फोन आला तेव्हा मी कोठारावर होते, हातात चाळणी होती. मागे तुझ्याकडची यंत्रं धडधडत होती, त्यामुळे चाळणी खाली ठेवून मी दुसरा कान झाकला. मग तू म्हणालास, "शेवटपर्यंत? शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की ती माझ्याकडे आहे?" मी हो म्हटलं. मग तू म्हणालास, "उघड ती," आणि ठेवून दिलास.

त्याला आता तीन आठवडे झाले. तू पुन्हा फोन केला नाहीस हे मी समजू शकते. मी माफी मागायला हे लिहीत नाही. तू उघडायला सांगितलंस म्हणून आत काय आहे ते कळवते.

जाड पुठ्ठ्याची वही आहे, धक्क्यावर माल लिहायला असायची तसली. प्रत्येक पानावर पेन्सिलीनं ओळी आखलेल्या. पुस्तिकेतली ओळ जिथे संपते तिथेच त्यांची ओळ संपते, पुढे अर्धं पान कोरं राहिलं तरी. शब्दाशब्दावर बारीक आकडे घातले आहेत, एक, दोन, तीन, म्हणजे मोजायला नको. अक्षर पहिल्या वहीपेक्षा सावकाश आहे. बाविसाव्या पानावर गहू भरण्याचा परिच्छेद आहे, पूर्ण, जसाच्या तसा. त्याच्या शेजारी समासात लिहिलंय, "हे चूक आहे, पण तसंच ठेवलंय."

ते वाचून मी वही मिटली आणि बाहेर जाऊन कपडे वाळत घातले. मग पुन्हा उघडली.

यंत्र प्रत्येक पानावरचा एकच शब्द विचारतं, हे आपल्याला कधी कळलं नव्हतं. डॅडना कळलं होतं. त्या शब्दाखाली रेघ आहे आणि समासात बरोबरची खूण आहे. एक नाही, कुठे तीन, कुठे पाच, अकराव्या पानावर नऊ. ते मशीन सुरू करायचे, येईल तो शब्द टाइप करायचे, जुळला की खूण करायचे, बंद करायचे आणि पुन्हा सुरू करायचे. मी मोजल्या. दोनशे सात खुणा आहेत. डिस्क वाचायला ते मशीन चार मिनिटं घ्यायचं, तू वैतागायचास ते आठवत असेल. आपण शाळेत होतो तेव्हा ते शेडमध्ये, प्लास्टरमधला पाय लांब करून, हेच करत बसले होते. त्यांना खेळायचं नव्हतं. त्यांना फक्त तू बसशील तेव्हा ते चुकायला नको होतं.

पुठ्ठ्याच्या आत लिहिलंय, "लिंडन, आता जुळतंय. तपासून बघितलं. फक्त पान ३१ यंत्रानं विचारलं नाही, ते तू बघ. डॅड."

एवढंच आहे. दुसरं काही लिहिलेलं नाही. शेवटी दोन कोरी पानं सोडली आहेत आणि वर 'टिपणं' असंही उतरवलंय.

कॅलमनं मूंट्याचा एक म्हातारा शोधून काढला, पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा. त्यानं मशीन उघडून बघितलं, आतला एक फुगलेला भाग बदलला आणि म्हणाला, "बाई, हे तुमच्या-माझ्यापेक्षा बऱ्या अवस्थेत आहे." तुझ्या अक्षरातली ती डिस्क पहिल्या दोन वेळा नुसती घरघरली. तिसऱ्यांदा प्रश्न आला. पान नऊ, ओळ दोन, शब्द पाच. मी वहीतून वाचलं आणि स्वतःच टाइप केलं, एका बोटानं. निळा समुद्र आला, धक्का आला, ती बेसूर धून वाजली. चौतीस वर्षं, आणि तो शब्द जागेवर होता. कॅलम मागे उभा होता. तो म्हणाला, "आजोबांनी शिडं बघितली असतील का गं?" मी म्हटलं, बघितली असतील, आणि चुकीची आहेत म्हणाले असतील.

त्यानंतर मी रोज कामावरून आल्यावर मशीन सुरू करते. डॅडसारखंच. शब्द टाइप करते, समुद्र बघते, बंद करते. मी खुणा करत नाही.

गुरुवारी यंत्रानं विचारलं. पान एकतीस, ओळ सहा, शब्द चार.

मी पान काढलं. सहावी ओळ, शब्दावर त्यांनी घातलेला चार. समास कोरा. शब्द मला दिसत होता आणि माझं बोट पहिल्या अक्षरावर होतं. शेजारची तुझी खुर्ची मी उगाचच ओढून ठेवली होती, पहिल्या दिवसापासून ठेवते, का ते मला सांगता येणार नाही.

मी टाइप केलं नाही. बटण बंद केलं.

शेड पडायच्या आत मशीन इथे आणून बैठकीच्या खोलीत मांडलंय. तीस ऑगस्टला घर जाईल, पण मशीन, वही आणि राख माझ्याकडेच राहतील. तारखेची काही अडचण नाही. ओहोटी रोज असते.

वही पोस्टानं पाठवत नाही. एकदा माझ्या हातात दिलेली ती तुझ्यापर्यंत पोचली नाही, आता दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. तू इथे येऊन बस. यंत्र एकतीस लगेच विचारणार नाही, कदाचित दोनतीन दिवस लागतील. खूण करायला पेन्सिल त्या पानात घालून ठेवली आहे.

तू टाइप करायचास, मी वाचायचे. मला अजून वाचता येतं.

वही उघडी ठेवून,
रॉझ